परलोकातही मुकादम!
परलोकात ओसायरिस देवाच्या राज्यात शेतीची कामं करावी लागतात, अशी प्राचीन इजिप्तमध्ये श्रद्धा होती. मृताऐवजी राबायला थडग्यात ममीच्या आकाराच्या छोट्या मूर्ती ठेवत. त्या म्हणजे उशब्ती. कित्येक निळ्या-हिरव्या फायन्सच्या, म्हणजे चकाकी दिलेल्या सिरॅमिकच्या. हातात कुदळ, पाठीवर बियाण्याची पिशवी. अंगावर बहुधा ‘मृतांच्या पुस्तका’तला सहावा मंत्र असे: कामाची हाक आली की मालकाऐवजी मूर्तीने ओ द्यायची!

तुतनखामन राजाच्या थडग्यात अशा ४१३ निघाल्या. वर्षाच्या दिवसागणिक एक असे ३६५ मजूर, दहा-दहांच्या टोळ्यांवर ३६ मुकादम आणि महिन्याला एक असे आणखी १२. म्हणजे राजालाही या कामातून सूट नव्हती, मला हे फार विलक्षण वाटतं. इजिप्तला गेलात तर त्याचा सोन्याचा मुखवटा बघालच, पण या मूर्तींसाठीही वेळ काढा.