शपथ का मोडते?

वाशीम, रिसोड, मानोरा, कोणत्याही वस्तीत जा. दारू सोडण्याची शपथ घेतलेला माणूस भेटतो, आणि ती मोडलेलाही भेटतो. घरची बाई सांगते, "लेकराच्या डोक्यावर हात ठेवला होता, तरी आठ दिवसांत प्यायले." लोक त्याला लबाड म्हणतात. बंधू-भगिनींनो, आम्ही त्याला आजारी म्हणतो, आणि त्याचा आजार मेंदूत आहे.

भुकेल्याला भाकर मिळाली, लेकरू कुशीत आले, की मेंदूत डोपामिन नावाचे रसायन स्रवते. 'हे पुन्हा कर' असा तो निरोप असतो. दारू, गांजा, खर्‍यातली तंबाखू हाच निरोप फार जोराने देतात. रोजच्या मार्‍याने मेंदू बधिर होतो. मग मात्रा वाढवावी लागते आणि भाकरीची, लेकराची गोडी कमी होते. बरेवाईट तोलून हात आवरणारा, कपाळामागचा मेंदूचा भागही दुबळा पडतो. म्हणून सकाळची शपथ मनापासूनची असते. पण संध्याकाळी जुना सोबती, दारूचा वास किंवा हाती पडलेली मजुरी पुरेशी होते.

पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात म्हणतो. नशेने माणसाचे भान सुटते, हे त्यात सांगितलेच आहे. परंतु व्यसन जडलेल्याला नुसते शील ऐकवून भागत नाही. त्याला उपचार हवा.

रोज भरपूर पिणार्‍याची दारू घरीच एकदम बंद करू नये. हात थरथरतात, भास होतात, झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. अंगारे-धुपारे न करता सरकारी दवाखान्यात न्यावे. १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यास मदत दिली. तेथे औषधांसोबत समुपदेशन आले आणि पत्नींसाठीही गट झाला, कारण व्यसनाने सारे घर पोळते.

आजार आहे म्हणून मारहाण सोसावी, असे मात्र नाही. बाईने व लेकरांनी आधी आपला जीव सांभाळावा.

दारू सुटल्यावर मेंदू सावरतो, पण त्याला महिने लागतात. मध्येच पाय घसरला तर टोमणे न मारता पुन्हा दवाखाना गाठावा. शपथ घ्यायचीच असेल, तर उपचार पुरा करण्याची घ्यावी.