मांडव घालण्याआधीचे आठ दिवस

वैशाखातील लग्नघरी किंवा गच्चीवरच्या जेवणाच्या वेळी डासांचा उपद्रव सुरू झाला की उदबत्ती, धुरी, कडुनिंबाचा पाला यांची शोधाशोध होते. परंतु त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या पायांभोवती गुणगुणणारा डास आठ-दहा दिवसांपूर्वी बहुधा त्याच वस्तीतील साचलेल्या पाण्यात अंड्याच्या रूपात होता, हे लक्षात घेतले तर बंदोबस्ताची खरी वेळ मांडव घालण्याच्या आधीची ठरते.

डासांमध्ये चावते ती फक्त मादी, कारण अंडी वाढण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. अंडे, अळी आणि कोष या तिन्ही अवस्थांचा काळ पाण्याशी बांधलेला असतो व उन्हाळ्याच्या उष्णतेत तो साधारण ७ ते १० दिवसांत संपतो. महाराष्ट्रात प्रामुख्याने आढळणाऱ्या तीन गटांची पाण्याची आवड मात्र वेगवेगळी आहे. हत्तीरोगाचा वाहक असलेला क्युलेक्स गटारे व सेप्टिक टाक्या यांच्या घाण पाण्यात वाढतो आणि अंधार पडल्यावर चावतो. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी, चावतो. शहरांतील हिवतापाचा वाहक ॲनाफिलीस विहिरी व गच्चीवरील टाक्या पसंत करतो. म्हणजेच दुपारनंतरच्या हळदीला गाठ पडते ती एडिसशी, आणि रात्रीच्या पंगतीला क्युलेक्सशी.

भर उन्हाळ्यात, पाऊस नसताना, एवढे डास येतात कुठून, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर पाणीटंचाईत आहे. जिथे नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येते तिथे पिंप, रांजण आणि हौद भरून ठेवावेच लागतात, आणि कार्य असलेल्या घरी तर पिंपांची रांगच लागते. अशा एखाद्या पिंपाचे झाकण हलकेच उचलून पाहिले असता शेपटीकडील श्वासनळी पृष्ठभागाला लावून, डोके खाली करून लोंबकळणाऱ्या अळ्या दिसतात. पाहणाऱ्याची सावली पडताच त्या वळवळत तळाशी जातात, पाणी निर्मळ वाटू लागते आणि घाईत डोकावणाऱ्याची फसगत होते. नुसते पाणी ओतून टाकणेही पुरेसे नसते, कारण एडिसची बारीक काळी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पिंपाच्या आतील बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही ती कित्येक महिने तग धरतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य खाते सांगते ते यासाठीच: पिंप रिकामे करायचे, आतून घासून-पुसून उन्हात वाळवायचे आणि पुन्हा भरल्यावर तोंडाला जुन्या धोतराचे कापड ताणून बांधायचे. ओतलेले पाणी झाडांच्या आळ्यात गेले तर वायाही जात नाही, कारण मातीत मुरलेल्या पाण्यात अळी जगत नाही.

क्युलेक्सचा बंदोबस्त सांडपाण्यापाशी करावा लागतो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, म्हणजे सांडपाणी उघड्या गटारात न सोडता दगडगोट्यांनी भरलेल्या खड्ड्यातून जमिनीत मुरवले, आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवले. कोणत्याही सुगंधी तेलापेक्षा हा उपाय अधिक नैसर्गिक म्हणावा लागेल. सेप्टिक टाकीच्या हवेच्या नळीला जाळी बांधणे हे मात्र दहा मिनिटांचे काम आहे आणि ते सर्रास राहून जाते. विहिरीत किंवा हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडता येतात. परंतु हे मासे मूळचे परदेशी असल्यामुळे ते नदी-तळ्यांत सोडू नयेत.

प्रत्यक्ष संध्याकाळी सर्वांत भरवशाचा उपाय वाऱ्याचा आहे. श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा माग मादी दहा मीटरहून अधिक अंतरावरून काढते, आणि जवळ आल्यावर शरीराची ऊब व घामाचा वास यांवरून नेमकी जागा शोधते. पंख्याच्या झोतात हा माग विस्कटतो, शिवाय जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅम वजनाच्या या कीटकाला त्या वाऱ्याविरुद्ध उडता येत नाही. फक्त पंखा डोक्यावरून न वाहता खुर्च्यांच्या खालून, घोट्यांच्या उंचीवर वाहील असा ठेवावा, कारण क्युलेक्स व एडिस दोन्ही पायांकडेच अधिक वळतात. फिकट रंगाचे, सैल आणि घोट्यापर्यंत येणारे सुती कपडेही उपयोगी पडतात. गडद रंगांकडे एडिस ओढला जातो.

सुगंधी वनस्पतींविषयी अपेक्षा माफक ठेवलेली बरी. गवती चहाची किंवा त्याच्याच कुळातील सिट्रोनेलाची कुंडी मांडवात ठेवून फारसे काही साधत नाही, कारण तेल पानाच्या आत बंद असते. काढलेले तेल लावल्यास गुण येतो, पण ते लवकर उडून जाते व तासा-दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. खोबरेल तेलात २ टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून लावल्यास ॲनाफिलीसपासून चांगले संरक्षण मिळते, असे भारतीय संशोधकांना आढळले आहे. क्युलेक्सच्या बाबतीत परिणाम त्याहून कमी दिसला. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून बनवलेले शुद्ध द्रव्य काही तास टिकते, मात्र सर्दीसाठी घरात असते ते निलगिरी तेल वेगळ्या जातीचे असते, आणि तीन वर्षांखालील मुलांना ते द्रव्य लावू नये.

धुरीने डास काही काळ दूर राहतात, हे गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाला आलेले आहे. तरीही तान्ही मुले, दम्याचे रुग्ण आणि वृद्ध जिथे एकत्र बसले आहेत तिथे ती टाळावी, कारण धूर नैसर्गिक असला तरी फुप्फुसांना तो धूरच असतो. कॉइलचेही तसेच आहे: एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्मकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असे एका अभ्यासात मोजले गेले आहे.

कार्य उरकल्यावर मांडवामागे टाकलेले प्लास्टिकचे पेले, द्रोण आणि करवंट्या त्याच रात्री गोळा करणे अगत्याचे असते, कारण वळवाची एक सर येऊन गेली की एकेका करवंटीत एडिसच्या पुढच्या पिढीला पुरेल इतके पाणी साचते.