सोळा आण्यांचं गाव: एका मालगुजार घराण्याच्या शोधातला दिवस

सकाळी 6.30

टेबलावर तक्ता पसरते. जुन्या रामटेक तहसिलीतलं एक मौजा, तिथलं एक मालगुजार घराणं आणि त्या घराण्याची हरवलेली एक शाखा, एवढं आजचं काम. घराण्याचं नाव सांगत नाही, कारण त्यांची माणसं आजही नागपुरात नांदताहेत. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी: मूळ पुरुषाला तीन मुलगे. थोरल्याचा आणि मधल्याचा विस्तार सगळ्यांना ठाऊक. धाकटा निपुत्रिक वारला, तिथे वंश खुंटला आणि त्याचा गावातला हिस्सा कुण्या परक्याने गिळला.

वंशावळ घरातली माणसं लिहितात. मुली सासरी गेल्या की त्यात दिसत नाहीत, विधवा क्वचितच दिसतात. साऱ्याचे, म्हणजे जमीन महसुलाचे, कागद मात्र सरकारने पैशासाठी लिहिले. ज्याच्याकडून पैसा यायचा त्याचं नाव गाळणं सरकारला परवडत नव्हतं, मग ते नाव पुरुषाचं असो की बाईचं. म्हणून घरची हकीकत ऐकायची आणि तपासायला साऱ्याच्या कागदांकडे जायचं, हा माझ्या कामाचा पहिला नियम.

सकाळी 8.00

निघण्याआधी मालगुजारीच्या इतिहासाचे टप्पे एकदा उजळून घेते. ते डोक्यात नसतील तर रेकॉर्ड रूममधला दिवस वाया जातो.

भोसल्यांच्या काळात गावाची वसुली पाटील करायचा, पण तो गावाचा मालक नव्हता. सरकारशी ठरलेला आकडा भरायचा आणि गाव चालवायचं, एवढाच त्याचा अधिकार. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सने नागपूर राज्यावरच्या 1827 च्या अहवालात या व्यवस्थेची तपशीलवार नोंद केली आहे. तिसरे रघूजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजी वारले. औरस पुत्र नव्हता. गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्याच दशकात पहिला तीस वर्षांचा बंदोबस्त, म्हणजे जमीन महसुलाची आकारणी, आला. त्या बंदोबस्ताने वसुली करणाऱ्यांनाच गावाचे मालक ठरवलं. मालगुजार हा वर्ग असा कागदावर जन्मला. शेजारच्या वऱ्हाडात रयतवारी होती, तिथे सरकारचा हिशेब थेट शेतकऱ्याशी. त्यामुळे अमरावतीच्या घराण्याचा शोध आणि नागपूरच्या घराण्याचा शोध यांच्या वाटा पहिल्या पानापासूनच वेगळ्या होतात.

दुसरा बंदोबस्त 1890 च्या दशकात झाला. नागपूर जिल्ह्यात तो रेजिनाल्ड क्रॅडॉक यांनी केला. पुढे ते मध्य प्रांताचे चीफ कमिशनर झाले. तिसरा 1910 च्या दशकातला. शेवटचा टप्पा 31 मार्च 1951 चा. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने त्या दिवशी मालगुजारी संपली. तीन बंदोबस्त आणि एक निर्मूलन मिळून चार थांबे. एकाच घराचे त्या थांब्यांवरचे कागद शेजारी ठेवले की मधल्या पिढ्या उलगडतात.

सकाळी 10.45

सिव्हिल लाइन्स, जिल्हाधिकारी कार्यालय. रेकॉर्ड रूमच्या दारात आधीच गर्दी आहे. अर्जावर कोर्ट फीचं तिकीट चिकटवून मौजा, तहसील, बंदोबस्ताचं साल आणि हवा असलेला कागद लिहिते. मौजाचं नाव एकटं पुरत नाही. एकाच नावाची गावं सापडतात, म्हणून बंदोबस्त नंबर आणि पटवारी हलका नंबर लागतो. शहरातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल, कारण त्यांच्या प्लॉटच्या रजिस्ट्रीतही मौजा, खसरा नंबर आणि प.ह.नं. असतोच. 1936 च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आलं, नंतर लेआउट पडत गेले, आणि कितीतरी जुन्या मौजांच्या शेतांवर आजच्या वस्त्या उभ्या राहिल्या.

रेकॉर्ड कीपर भाऊ बस्ता आणून ठेवतात. "मॅडम, पानं सांभाळून. कडा लय ठिसूळ झाल्या आहेत." मी फडकं सोडते आणि दोन्ही हातांनी पान उलटते. या कागदांची दुसरी प्रत मिळेलच याची खात्री नसते. पानं एका माणसाची नसतात, अख्ख्या गावाची असतात.

दुपारी 12.00

खेवट उघडते. गावाच्या मालकांची आणि त्यांच्या हिश्श्यांची ही यादी. हिशेब आण्यांत असतो. अख्खं गाव म्हणजे सोळा आणे, एका आण्याच्या बारा पै. पहिल्या बंदोबस्तात तिघे भाऊ दिसतात, प्रत्येकाचा हिस्सा 5 आणे 4 पै. तिन्ही मिळून बरोबर सोळा आणे. हिस्से असे स्वतंत्र लिहिलेले दिसले की भाऊ विभक्त असल्याची दाट शक्यता. आजचं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं राहणार आहे.

दुसऱ्या बंदोबस्तात थोरल्याच्या आणि मधल्याच्या जागी त्यांचे मुलगे आले आहेत. तिसऱ्या ओळीत धाकट्याच्या नावापुढे 'मयत', आणि खाली एका बाईचं नाव: बेवा, म्हणजे त्याची विधवा. हिस्सा तोच, 5 आणे 4 पै. घरच्या वंशावळीत हिचं नाव कुठेच नाही. सरकारदरबारी मात्र ती गावाच्या तिसऱ्या भागाची मालकीण आहे.

तिसऱ्या बंदोबस्ताचा खेवट. थोरली आणि मधली ओळ जागच्या जागी. तिसरी ओळ फुटली आहे. 2 आणे 8 पै एका सावकाराच्या नावावर, आणि उरलेले 2 आणे 8 पै वेगळ्याच आडनावाच्या तरुणाच्या नावावर. घरच्या हकीकतीतला 'परका' तो हाच.

फेरफाराची नोंद शोधते. बाई वारल्यावर हिस्सा तिच्या मुलीच्या नावे चढला, मुलगी वारल्यावर मुलीच्या मुलाच्या नावे. त्या काळच्या हिंदू कायद्यात विभक्त माणूस पुत्राविना वारला तर आधी विधवा, मग मुलगी, मग मुलीचा मुलगा, आणि त्यानंतर भावांचा क्रम. आडनाव वेगळं असलेला तो तरुण धाकट्या भावाचा सख्खा नातू होता. त्याने काही गिळलं नव्हतं. कायद्याने जे त्याचं होतं तेच त्याच्याकडे आलं. धाकट्याची शाखा कधी संपलीच नव्हती, ती मुलीकडून चालू होती, आणि घराण्याने मुलीकडची बाजू मोजली नाही म्हणून ती हरवली.

दुपारी 1.30

व्हरांड्यात डबा उघडते. शेजारी एक बाई आणि त्यांची कॉलेजात जाणारी लेक बसल्या आहेत, मौद्याच्या बाजूच्या. लेकीची जात पडताळणी अडली आहे. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. "ताई, आमची जमीनच नव्हती. कागद कुठून आणायचा?" असं त्या विचारतात.

मी त्यांना कोतवाल बुकाबद्दल सांगते. गावातला प्रत्येक जन्म आणि मृत्यू कोतवाल कळवायचा, त्याची नोंद व्हायची: नाव, बापाचं नाव, जात, तारीख. जमीन असो वा नसो, जन्माला आलेल्याची ओळ तिथे असू शकते. नागपूरकडे हे काम करणारा कोतवाल बहुधा महार समाजातलाच असे. गावभरच्या लेकरांची खबर त्याने ठाण्यापर्यंत पोचवली, आणि त्याच्या स्वतःच्या पणतीला आज तीच ओळ शोधत तहसिलीत फिरावं लागतं. मी पणजोबांचं नाव, गाव आणि अंदाजे साल त्यांच्या वहीत लिहून देते, अर्जाचा मजकूरही. आजोबांच्या भावंडांच्या नोंदी मागायला सांगते, कारण एकाची ओळ फाटलेली असली तरी दुसऱ्याची सापडते.

दुपारी 2.15

परत बस्त्यापाशी. माझ्यापुरतं उत्तर मिळालं आहे, तरी मी जमाबंदी आणि वाजिब-उल-अर्ज वाचल्याशिवाय उठत नाही. जमाबंदीत कुळांची नावं आहेत: अमुक वल्द तमुक, जात, खसरा नंबर, क्षेत्र, लगान. कोण मौरूसी, म्हणजे वंशपरंपरेने हक्काचं कूळ, कोण साधं कूळ, मालगुजाराची घरची सीर किती, सगळं ओळीने. मालगुजाराच्या नावाची एक ओळ आणि त्याला पोसणाऱ्या नावांची पानंच्या पानं.

वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या वहिवाटीची नोंद. तलावाचं पाणी आधी कुणाच्या बांधीत जाईल, मोह कुणी वेचायचा, सरपण कुठून आणायचं, गुरं कुठे चरतील. पूर्व विदर्भात ज्यांना आज आपण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो, त्यांच्या पाण्यावरचे हक्क अशाच पानांत सापडतात. तलाव मालगुजाराच्या नावाने ओळखला जातो, पण पाळीवर माती टाकणाऱ्यांची नावं या पानात येत नाहीत. शेतमजूर भेटतात ते 'गावचे लोक' म्हणून, नाहीतर नुसत्या जातीच्या नावाने. ज्याच्याकडून लगान यायचं नाही त्याचं नाव लिहायचं कारण सरकारला नव्हतं. सकाळी मी ज्या गुणासाठी या कागदांवर भरवसा टाकला, त्याच गुणाने ही माणसं बाहेर ठेवली.

1951 ची मोबदल्याची फाईलही आजच पाहते. मालगुजारी संपताना हिस्सेदारांनी आपापले दावे दाखल केले होते. मुलीच्या मुलाच्या वारसांचा दावा आहे, त्यांच्या तेव्हाच्या राहत्या गावासह. हयात शाखेपर्यंत नेणारा धागा मिळाला.

दुपारी 4.00

जुन्या सचिवालयातलं अभिलेखागार. मध्य प्रांताच्या महसूल खात्याचा पत्रव्यवहार इथे चाळता येतो. मला 1896–97 आणि 1899–1900 या दोन दुष्काळांच्या काळातले कागद हवे आहेत. विधवेच्या हिश्श्याचा अर्धा भाग सावकाराकडे का गेला, याचं उत्तर त्या वर्षांत असावं असं मला वाटतं. कुळांकडून लगान आलं नाही तरी गावाचा सारा भरण्याची जबाबदारी मालगुजारांवरच होती. वसुलीच्या फायली वाचताना हे पुन्हापुन्हा दिसतं.

संध्याकाळी 6.00

घरी. विधवेच्या हिश्श्याच्या विक्रीखताची नक्कल आधीच मिळवून ठेवली होती. मजकूर मोडीत आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नसतात, म्हणून मी आधी फक्त आकडे आणि नावं उतरवते आणि मगच वाक्यं जुळवते.

खताची तारीख दुसऱ्या दुष्काळानंतरची आहे. कारण स्पष्ट लिहिलं आहे: सरकारी साऱ्याची बाकी. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मर्यादित हक्क होता. कायदेशीर गरज दाखवल्याशिवाय तिला विकता येत नव्हतं. तिने गरजेपुरतं, म्हणजे निम्मं विकलं आणि उरलेलं मुलीसाठी राखलं. खाली तिची निशाणी, अंगठ्याचा ठसा. लिहिता न येणाऱ्या या बाईने दोन दुष्काळांतून गावाचे 2 आणे 8 पै शाबूत ठेवले. घराण्याच्या तक्त्यात मी तिचं नाव नवऱ्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात लिहिते.

रात्री 8.30

ज्यांच्यासाठी हे काम चाललं आहे त्या बाईंचा फोन येतो. त्या मधल्या शाखेच्या. गेली बरीच वर्षं अमेरिकेत, व्हर्जिनियात राहतात. "मावशी, मग तो परका नव्हताच?" त्या विचारतात. मी क्रम सांगते: विधवा, मुलगी, नातू. त्या बराच वेळ प्रश्न विचारत राहतात, आणि त्यांचा पहिला बेत आता त्या शाखेला भेटण्याचा आहे.

त्यांच्या राज्यातही हाच उद्योग जोरात चालतो. वसाहतकाळातल्या तंबाखूच्या मळेवाल्यांची घराणी तिथले लोक जमीन आणि कराच्या याद्यांतून शोधतात. एप्रिल 1865 मध्ये रिचमंडच्या आगीत, सुरक्षित राहावेत म्हणून तिथे पाठवलेले कित्येक काउंट्यांचे कागद जळाले. तिथे 1782 पासूनच्या वार्षिक कराच्या याद्यांची सरकारकडे राहिलेली प्रत कामी येते. त्याही आधी तिथे डोईपट्टी होती. सोळा वर्षांवरचे पुरुष तिच्यात मोजले जात. गोऱ्या बायका सहसा नव्हेत. आफ्रिकन स्त्रियांवर मात्र 1643 च्या कायद्यापासून ती लागू झाली. मळेवाल्याची बायको यादीत नाही, त्याच्या तंबाखूत राबणारी गुलाम बाई आहे, पण बहुतेक वेळा निव्वळ आकडा म्हणून किंवा आडनावाशिवायच्या एका नावाने. तिचे वंशज आज तीच यादी मालकाच्या नावाने उघडतात, कारण तिच्यापर्यंत जायला दुसरं दार नाही. आपल्याकडेही कुळांचे वारस मालगुजाराच्या नावाचा बस्ता मागतात, तो याच कारणाने.

रात्री 10.00

दिवसाची टिपणं नीट करते. प्रत्येक नावापुढे कागदाचा प्रकार, साल आणि पान क्रमांक. त्याशिवाय नाव तक्त्यात चढत नाही.

या घराण्याला मी दोन कागद देणार आहे. पहिला त्यांची वंशावळ, मुलींच्या आणि मुलींच्या मुलांच्या शाखांसह. दुसरा पहिल्या बंदोबस्तातल्या त्यांच्या गावच्या सगळ्या कुळांची यादी, वल्द आणि खसरा नंबरासह, सुवाच्य बाळबोधीत उतरवलेली. तिची एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत ठेवावी, ही अट मी काम घेतानाच घालते आणि आजवर ती कुणी नाकारलेली नाही. कुणाच्या तरी लेकीला पडताळणीसाठी पणजोबांचं नाव हवं असेल, तर तिला निदान कोणता बस्ता मागायचा हे गावातच कळलं पाहिजे. पान आपण उघडलेलंच असतं. त्यावरची बाकीची नावं उतरवून घेणं हे आपलं देणं आहे.