कातडीखालचे विणकर

आपले स्नायू हाडांना कशाने बांधले आहेत? कातडी अंगावरून सुटून का येत नाही? हे काम संयोजी ऊतींचे. यांत पेशी विरळ आणि तंतू भरपूर असतात.

फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी हे तंतू तयार करतात. त्यांना आपण विणकर म्हणू. कोलॅजेनचे तंतू चिवट असतात. १९५४-५५ साली मद्रासचे शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी दाखवले, की कोलॅजेन काथ्याच्या दोरीसारखे तीन पेडांचे असते. दुसरे तंतू इलॅस्टिनचे, ते रबरासारखे ताणतात. हाताच्या मागच्या बाजूला चिमटा काढून सोडा, कातडी लगेच जागेवर बसते. मग आजीच्या हाताला हळूच काढून बघा (आधी विचारून!). तिथे वेळ लागतो, कारण वयाबरोबर हे तंतू झिजतात. मास्ट पेशी पहारेकरी आहेत. डास चावल्यावर गांधी उठते ती त्यांच्यामुळेच.

गेल्या दिवाळीत चकल्या तळताना माझ्या मनगटावर तेल उडाले. जखम भरली, पण वण राहिला. विणकरांनी घाईने ठिगळ लावले, त्यात मूळची वीण नाही. म्हणून वणावर केसही येत नाहीत.

माझे थोडक्यात निभावले. पण ज्याचे अंग खूप भाजते, त्याचे काय? मुलुंडच्या आत्याकडे गेलो तेव्हा तिने सांगितले, की खाडीपूल ओलांडला की ऐरोलीला भाजलेल्यांचे रुग्णालय आहे, तिथे त्वचापेढी आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातली त्वचापेढी २००० साली डॉ. माधुरी गोरे यांनी सुरू केली. माणूस वारल्यावर सहा तासांच्या आत त्याच्या पाठीची व मांड्यांची पातळ त्वचा काढतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. ती ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत टिकते. त्यातल्या पेशी मरतात, पण तंतूंची वीण शाबूत राहते! तीच वीण भाजलेल्या अंगावर दोन-तीन आठवडे पांघरुणासारखी राहते. अंगातले पाणी जात नाही, जंतू शिरत नाहीत, आणि रोग्याला तेवढी सवड मिळते.

आत्याने त्वचादानाचा फॉर्म भरला आहे. आमचे आजोबा तिला म्हणाले, "माझ्या सुरकुतलेल्या कातडीचा कुणाला काय उपयोग?"

आत्या म्हणाली, "अण्णा, सुरकुतलेली पण चालते."

आजोबांनी चष्मा मागितला आणि फॉर्म वाचायला घेतला.