भाऊजींचे अंथरूण आणि ताईची शाळा

आमचे भाऊजी म्हणजे काटकसरीचा मूर्तिमंत पुतळा. अमेरिकेत ओहायओ राज्यात वीस वर्षे काढली, तरी बाजारातून आलेल्या पिशव्यांच्या घड्या घालून ठेवण्याची सवय काही सुटली नाही. २०१० सालच्या उन्हाळी सुटीत मी त्यांच्याकडे महिनाभर राहिलो आणि पाहुणचाराबरोबर एक महायुद्धही माझ्या वाट्याला आले. मी पडलो मराठीचा मास्तर. हिशेबाशी माझा संबंध पगाराच्या दिवसापुरता. पण त्या घरात तटस्थ राहणे कठीण होते.

युद्धाचे कारण होते एक कायदा. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही जुनी पेढी बुडाली आणि मंदीची लाट जगभर पसरली. पुढे ओबामा अध्यक्ष झाले आणि १७ फेब्रुवारी २००९ रोजी त्यांनी ७८७ अब्ज डॉलरच्या एका कायद्यावर सही केली. त्यात सुमारे एक तृतीयांश करसवलती; बाकी रस्ते, पूल, बेकारभत्ता आणि राज्यांना मदत. प्रतिनिधिगृहात तो २४६ विरुद्ध १८३ मतांनी संमत झाला. त्या २४६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकही मत नव्हते. सिनेटमध्ये त्या पक्षाचे तिघे तेवढे बाजूने आले.

भाऊजींचे म्हणणे सरळ. "अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे घराला लागू आणि सरकारला नाही? हे कर्ज उद्या आमच्या मुलांनी फेडायचे!" शिवाय त्यांच्या हाती एक हुकमाचे पान होते. हा खर्च केला तर बेकारी आठ टक्क्यांच्या आसपास थांबेल, असे भाकीत ओबामांच्या अर्थतज्ज्ञांनी केले होते. ऑक्टोबर २००९ मध्ये ती दहा टक्क्यांवर गेली.

ताई तिथल्या शाळेत शिकवते. पोळ्या लाटता लाटताच ती म्हणाली, "अहो, सगळ्यांनीच पाय आखडून घेतले तर बाजारात जायचे कोणी? एकाचा खर्च तीच दुसऱ्याची मिळकत. आग किती मोठी आहे हे आधी कोणालाच कळले नव्हते. पाणी कमी पडले, म्हणून पाण्यालाच दोष द्यायचा?" केन्सने १९३६ साली जाडजूड ग्रंथ लिहून जे सांगितले, त्याचे सार ताईने दोन पोळ्यांत सांगून टाकले. खर्च अपुरा आहे, असे पॉल क्रुगमनसारखे अर्थशास्त्रज्ञही तेव्हा म्हणत होतेच.

एके रात्री भाऊजी आणि मी मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. ते एकाएकी म्हणाले, "गेल्या वर्षी माझी नोकरी गेली होती. सात महिने घरी होतो. तुम्हाला मुद्दामच कळवले नाही."

मी गप्पच झालो.

"त्याच सुमारास हिच्या शाळेतल्या जागाही जाणार होत्या. इथल्या बहुतेक राज्यांना तुटीचा अर्थसंकल्प करता येत नाही. कर घटला की आधी मास्तरांवर कुऱ्हाड. पण या कायद्यात राज्यांसाठी पन्नास अब्जांहून मोठा निधी होता. त्यातून शाळांना पैसा आला आणि हिची जागा वाचली. सात महिने आमची चूल तिच्या पगारावर चालली."

"आणि तरीही तुमचा विरोध?"

"मला फायदा झाला म्हणून हिशेब बरोबर ठरतो का?"

मला उत्तर सुचले नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. महिनाभर चाललेल्या त्या वादात ताईने हे पान एकदाही टाकले नव्हते.

राजकारणी मंडळी मात्र एवढी सरळ नसतात. फेब्रुवारी २००८ मध्ये बुश यांनी लोकांना चेक वाटण्याचा कायदा केला, तेव्हा दोन्ही पक्षांतले बहुसंख्य सभासद बाजूने होते. त्याआधी बुश यांच्या करकपातीच्या वेळी डेमोक्रॅट तुटीच्या नावाने बोटे मोडत होते. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, ट्रम्प यांच्या कारकिर्दीत सुमारे २,२०० अब्ज डॉलरचा कायदा सिनेटमध्ये ९६ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. वर्षभराने बायडन यांनी १,९०० अब्जांचा कायदा आणला, तेव्हा रिपब्लिकनांचे पुन्हा एकही मत नाही. कर्ज चांगले की वाईट, हे बरेचसे सही कोणाची यावर ठरते, असे दिसते.

२०२० सालच्या उन्हाळ्यात मी भाऊजींना फोनवर मुद्दाम डिवचले. "आता तर अध्यक्ष तुमच्या पक्षाचे. चेक आला ना?"

"आला. पण माझे मत तेच आहे."

मागून ताईचा आवाज आला, "त्यांना विचार, चेकचे केले काय?"

बराच वेळ शांतता. मग भाऊजी पुटपुटले, "कोपऱ्यावरच्या न्हाव्याला दिले पैसे. त्याचे दुकान दोन महिने बंद होते."

"म्हणजे शेवटी खर्चच केलात!" ताई म्हणाली. आणि फोनवर मला दोघांचेही हसणे ऐकू आले.