पोटाची उसनवारी

संत्र्याची तोड सुरू झाली की सौंसर-पांढुर्ण्याच्या बागांत दुपारचं जेवण झाडाखालीच होतं. फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. माल संध्याकाळच्या आत गाडीत चढवायचा असतो, म्हणून जेवण पाच-दहा मिनिटांत उरकतं. 2023 साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. तालुक्याच्या पाट्या हिंदीत आहेत, पण बागेतली बोली आणि शिदोरी दोन्ही अस्सल वऱ्हाडाकडच्या. या शिदोरीतल्या एका घासाचं पुढे काय होतं, ते मला नीट पाहायचं होतं.

नुसत्या भाकरीचा घास घेतला, भाजी न लावता, आणि गिळायचा नाही असं ठरवून चावत राहिलो. आधी कोरडा रवाळपणा, मग चिकटा, आणि दोनेक मिनिटांनी जिभेच्या कडेला मंद गोडवा. भाकरीत साखर घातलेली नसते. लाळेतलं विकर पिठातला स्टार्च तोडून त्याची साखर करायला लागलं, तोच हा गोडवा. पीठ उकळत्या पाण्यात भिजवलेलं असलं तर स्टार्च आधीच फुगून मऊ झालेला असतो, म्हणून विकराचं काम आणखी सोपं होतं.

शाळेत विज्ञानाच्या तासाला करतात तो प्रयोगही मी करून पाहिला. एका वाटीत पाण्यात कुस्करलेली भाकरी, दुसऱ्या वाटीत चावलेली. थोडा वेळ उन्हात ठेवून दोन्हींत आयोडिनचे थेंब टाकले. पहिली वाटी शाईसारखी काळीनिळी झाली. दुसरीतही रंग चढला, पण फिका आणि तांबूस झाक असलेला. स्टार्च संपला नव्हता, अर्धवट तुटला होता. पचनाची सुरुवात तोंडात होते हे पुस्तकात शंभरदा वाचलं असलं तरी वाटीत दिसल्यावरच ते मनाला पटतं.

आपल्या हातातलं काम मात्र इथेच जवळजवळ संपतं. घास घशाकडे ढकलला की श्वास क्षणभर थांबतो, श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि साधारण 25 सेंटिमीटरच्या अन्ननलिकेतून घास आठ-दहा सेकंदांत जठरात पोचतो. नलिकेचे स्नायू त्याला मागून आवळत पुढे नेतात, त्यामुळे झाडाच्या बुंध्याला टेकून आडवं होऊन खाल्लं तरी घास खालीच जातो. तिथून पुढच्या वाटेवर आपली इच्छा चालत नाही, ती थेट मलविसर्जनाच्या वेळीच पुन्हा कामाला येते. घाईने जेवणाऱ्यांबद्दल म्हणूनच मला वाईट वाटतं. जे एवढंसं आपल्या ताब्यात आहे, तेच सोडून द्यावं लागतं.

जठरात काय चालतं हे माणसाला कळलं एका अपघातामुळे. 1822 साली अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागला. जखम भरली, पण पोटाला भोक राहिलं. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने रेशमी दोऱ्याला मांस, पाव, कोबी बांधून त्या भोकातून आत सोडलं, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिलं, आणि 1833 साली पुस्तक लिहिलं. जठर नुसतं घुसळत नाही, त्यातला आम्लरस अन्न विरघळवतो, हे त्याने दाखवलं. त्या गरीब माणसाने जे सोसलं, त्याची आठवण प्रत्येक पाठ्यपुस्तकात असायला हवी.

पुढे आतड्यात काय चालतं ते ऐकवण्यासाठी एका परिचारिकेने स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावून दिला आणि दुसरं टोक माझ्याच बेंबीशेजारी ठेवलं. थोडी शांतता, मग गुडगुड, बारीक बुडबुडे, पुन्हा शांतता. हवा आणि पाणी आतड्यातून सरकल्याचा तो आवाज. पाणी, हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पोटाचा सगळा कारभार पाण्याच्या उसनवारीवर चालतो. आपण दिवसभरात खाण्यापिण्यातून घेतो साधारण दोन लिटर. त्यात शरीर स्वतःच्या खात्यातून सुमारे सात लिटर ओततं: लाळ लिटर-दीड लिटर, जठररस दोनेक लिटर, स्वादुपिंडाचा रस दीडेक लिटर, शिवाय यकृताचं पित्त आणि आतड्याचा स्वतःचा रस. स्वादुपिंडाचा रस जठरातलं आम्ल मारतो आणि स्टार्च, प्रथिनं, चरबी तिन्ही तोडतो. पित्त भाजीतल्या तेलाचे बारीक थेंब करतं. काम झालं की ही उसनवारी जवळजवळ पूर्ण वसूल होते. बहुतेक पाणी लहान आतडं शोषून घेतं, उरलेल्यातलं बरंच मोठं आतडं. मलातून जातं ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर.

संत्र्याच्या फोडीची साल आणि पांढरे धागे मात्र आपल्या एकाही विकराला तुटत नाहीत. ते तसेच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यातला बराचसा भाग खाऊन आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात. संत्र्याच्या मुलखात राहून फक्त रस गाळून पिणं मला म्हणूनच पटत नाही.

जुलाब लागले की ही वसुली कोलमडते. कॉलऱ्यात तर आतडं लिटरच्या लिटर पाणी सोडतं. पण लहान आतड्याच्या पेशींत एक वाट शाबूत राहते: ग्लुकोज आणि मीठ एकत्र आले की दोन्ही जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून माणसं वाचवली. त्यांना 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

जुलाब होत असताना पाणी पाजलं तर ते आणखी वाढतील, असं आजही घराघरांत कुणीतरी म्हणतं. ते ऐकू नका. आशाताईकडून किंवा दवाखान्यातून ओआरएसचं, म्हणजे त्याच मीठ-ग्लुकोजचं, पाकीट आणा, त्यावर लिहिलंय तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा आणि लेकराला घोट घोट पाजत राहा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका. मूल सुस्तावलं, डोळे खोल गेले, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त दिसलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा, आणि वाटेतही ते पाणी पाजत राहा.