मुलीसाठी वेगळं नाव : काही गैरसमज

मुलीसाठी जरा वेगळं नाव शोधणाऱ्या आईबाबांना घरातून पहिला आक्षेप ऐकू येतो तो ठरलेला : ही हल्लीची हौस, आमच्या काळी असली नावं नव्हती. इतिहास मात्र या म्हणण्याला आधार देत नाही. नाणेघाटातल्या शिलालेखाशी जोडलेली सातवाहन राणी नागनिका आहे, नाशिकच्या लेण्यातल्या लेखात गौतमी बलश्री आहे. महानुभावांची महदाइसा, चोखोबांच्या घरातल्या सोयरा आणि निर्मळा, मंगळवेढ्याची कान्होपात्रा ही सगळी नावं आपल्याच मातीतली आहेत. यातलं एखादं आज बारशाला सुचवलं तर आजी-आजोबाच आधी कपाळाला आठ्या घालतील.

माझ्या मते वेगळ्या नावाचा सर्वांत सुंदर दाखला इरावती कर्वे यांचा आहे. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातल्या मिंज्यान गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत नोकरीला होते. त्या देशाची मोठी नदी इरावती, तिचं नाव त्यांनी मुलीला दिलं. मुलीला नदीचं नाव देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. गोदावरी, यमुना, कृष्णा, नर्मदा घराघरांत होत्या. करमरकरांनी रीत तीच ठेवली, नदी तेवढी आपल्या वाट्याला आलेली घेतली. शिवाय पंजाबातल्या रावीचं जुनं संस्कृत नावही इरावतीच. त्यामुळे हे नाव कानाला नवं लागलं तरी परकं झालं नाही. नाव वेगळं असण्यामागे असं काही कारण असावं, एवढंच माझं म्हणणं आहे. वर्गात दुसरी कुणी त्या नावाची नसावी, हे कारण मला अपुरं वाटतं. ते आपल्या हातातही नसतं. एखादी मालिका गाजली की आजचं दुर्मीळ नाव तीन वर्षांत बालवाडीच्या हजेरीपटावर चार वेळा येतं.

दुसरा गैरसमज नावांच्या याद्यांनी पसरवला आहे. प्रत्येक गोड नावासमोर ‘संस्कृत’ असं लिहायचं आणि पुढे देवीशी, किरणाशी किंवा फुलाशी जोडणारा अर्थ छापायचा, अशी सवयच पडली आहे. ‘मायरा’ घ्या. हे नाव इंग्लिश कवी फल्क ग्रेव्हिल याच्या प्रेमकवितांतून आलेलं आहे. ‘कियारा’च्या मागे एक इटालियन आणि एक आयरिश नाव सांगितलं जातं. इटालियनचा अर्थ उजळ, तर आयरिशचा काळ्या केसांची. आपल्याकडे ते ‘अनजाना अनजानी’ या २०१०च्या चित्रपटातल्या नायिकेमुळे पसरलं. ‘शनाया’ २०१२च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मधून आली आणि पुढे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेने तिला मराठी घरांत पोचवलं. यातलं कुठलंही नाव वाईट नाही. मुलीला ते शोभत असेल आणि घरच्यांना आवडत असेल तर खुशाल ठेवावं. पण उद्या तिने अर्थ विचारला तर तिला खरं सांगता आलं पाहिजे. उलट ‘इरा’ हे दोन अक्षरी नाव परदेशी वाटून कित्येक जण बाजूला टाकतात. संस्कृत कोशांत मात्र त्या शब्दाला पृथ्वी, अन्न, वाणी असे अर्थ दिलेले आहेत. आपट्यांचा संस्कृत कोश, मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, हे तिन्ही आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. पाच मिनिटांचं काम आहे.

मुलीचं नाव आकारान्त किंवा ईकारान्तच हवं, हाही एक समज. आपल्या कमल आणि कुसुम मावश्यांनी तो कधीच खोटा ठरवला आहे. उत्तरेत कमल बहुधा पुरुष असतो. मृणाल गोरे पाण्यासाठी मोर्चे काढत होत्या त्याच काळात मृणाल सेन बंगालीत चित्रपट काढत होते.

आता राशीच्या अक्षराविषयी. पत्रिकेत जे अक्षर निघतं त्यावरूनच नाव ठेवायला हवं, असं अनेक घरांत आग्रहाने सांगितलं जातं. त्यापायी मनातलं चांगलं नाव सोडून देणारे आईबाबा मी पाहिले आहेत. ही पद्धत मुळात काय आहे ते बघा. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरं. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’, उत्तरा भाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’. या अक्षरांनी सुरू होणारं नाव मराठीत कुठून आणायचं? म्हणून तर जुन्या घरांत नावरस नाव पत्रिकेपुरतं असे आणि हाक मारायचं नाव वेगळं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी जन्मनाव पत्रिकेत जरूर लिहावं. व्यवहारातलं नावही त्याच अक्षराचं असावं हा आग्रह परंपरेचा म्हणता येत नाही.

नावावर नशीब ठरतं, म्हणून दुःख भोगलेल्या स्त्रियांची नावं टाळावीत, असंही सांगतात. शापाने शिळा झालेल्या अहल्येचं नाव चौंडीच्या एका मुलीला मिळालं आणि तिने १७६७पासून १७९५पर्यंत माळव्याचा कारभार असा केला की आज ते नाव उच्चारलं की होळकरांची अहिल्याच आठवते. द्रौपदी मुर्मू यांचं मूळ संथाळी नाव पुती. ‘द्रौपदी’ हे नाव त्यांना शाळेतल्या शिक्षकांनी दिलं आणि २०२२ साली त्या देशाच्या राष्ट्रपती झाल्या.

एक समज मात्र नुसता चुकीचा नाही, तो क्रूर आहे. मुलीचं नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवलं की पुढचा मुलगा होतो. काही जण याची सांगड दगडू, धोंडू, केरूबाई या नावांशी घालतात आणि ही जुनी रीतच आहे म्हणतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दगडू-धोंडू ही नावं मूल जगावं म्हणून ठेवत. आधीची मुलं गेलेली असत, याला तरी दृष्ट लागू नये, ही त्यामागची आईची तळमळ. ‘नकोशी’ हे नाव मात्र तिच्यासाठी नसतंच, ते न जन्मलेल्या भावासाठी असतं. आणि मूल मुलगा होणार की मुलगी, हे वडिलांकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं. आधीच्या बहिणीच्या नावाचा त्याच्याशी कसलाही संबंध नाही. २०११च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात एका समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावं आणि त्यांची प्रमाणपत्रं देण्यात आली. त्यांच्यातल्या काहींनी स्वतःसाठी ‘ऐश्वर्या’ निवडलं. त्या मुलींना कुणी फॅशन म्हणून हसावं, असं मला वाटत नाही.

पूर्वी नाव एकदा ठेवलं की जन्मभराचं असे, हेही निम्मंच खरं आहे, आणि ते निम्मं मुलग्यांचं. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या, रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच. लग्नात तांदळावर नवं नाव लिहिलं की जुनं पुसलं जाई. आज लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदलण्याची सक्ती कुठलाही कायदा करत नाही. तेव्हा तुम्ही आज ठेवलेलं नाव ती आयुष्यभर वागवणार आहे, असं धरूनच निवड करा.

राहिला कागदपत्रांचा प्रश्न. वेगळं नाव सरकार नाकारील ही भीती व्यर्थ आहे. आइसलँडमध्ये नावांना मंजुरी देणारी समिती आहे. तिथे एका मुलीला आईने ठेवलेलं नाव अधिकृतपणे लावण्यासाठी न्यायालयात जावं लागलं आणि २०१३ साली तिला ते मिळालं. भारतात मंजूर नावांची यादीच नाही.

खरी अडचण येते ती स्पेलिंगची आणि उशिराची. मराठीत आपण ‘ऋ’चा उच्चार ‘रु’ करतो, हिंदीत ‘रि’ होतो. म्हणून अमृता, मृण्मयी, ऋजुता यांच्या रोमन स्पेलिंगमध्ये कुठे ‘यू’ येतो, कुठे ‘आय’. एकच स्पेलिंग घरात ठरवून टाका आणि जन्मदाखल्यापासून सगळीकडे तेच द्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. मोठेपणी नाव बदलायचं तर राजपत्रात प्रसिद्ध करून पुढे एकेक कागद दुरुस्त करत बसावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, तेव्हा त्यावरचं नाव नीट असणं आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचं आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. तो मोठ्याने म्हणून बघा, नवं नाव त्यात कसं बसतं ते कळेल.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव सुचलं नसेल तर घाई करू नका. नावाशिवाय नोंद होते आणि बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येतं. त्यानंतर विलंब शुल्क पडतं. या मुदतीत कोश पाहा, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, मनात ठरलेल्या नावाने बाळाला काही दिवस हाक मारून बघा आणि वर्ष पुरं होण्याआधी निबंधकाकडे जाऊन ते लिहवून घ्या.